सहाशे घड आणि एक आरनॉर्म: यादृच्छिक आकडे काढण्याची माझी पद्धत

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या केळीच्या मृगबागेची कापणी चालली होती. सावद्यापासून थोड्या अंतरावर आमचं शेत. ट्रकमध्ये पाला अंथरून ६०० घड भरायचे होते आणि माल १४ टनांच्या आत राहिला पाहिजे, असं व्यापाऱ्याने बजावलं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, मला म्हणाले, "तू ते कॉम्प्युटरवर आकडे काढतेस ना, मग सांग बरं, वजन किती भरेल?" मी रात्री लॅपटॉप उघडला, चार ओळी लिहिल्या आणि छातीठोकपणे सांगितलं, "तेरा टनांच्या खाली नाही आणि तेरा टन चारशे किलोंच्या वर नाही."

दुसऱ्या दिवशी भुईकाट्यावर माल भरला १४,२५० किलो. भर उन्हात अकरा घड खाली उतरवावे लागले. आप्पा काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

माझ्या चार ओळींत टायपिंगची चूक नव्हती, सूत्रही बरोबर होतं. मी संगणकाला प्रश्नच चुकीचा विचारला होता. कॉलेजात संख्याशास्त्राची प्रॅक्टिकल्स मी सात वर्षं घेते. त्या दिवसानंतर नॉर्मल डिस्ट्रिब्युशन, म्हणजे घंटेच्या आकाराचं वितरण, शिकवण्याचा माझा क्रम बदलला. तोच क्रम इथे लिहिते आहे. उदाहरण शेवटपर्यंत केळीच्या घडाचंच आहे, कारण ते मला हाताने उचलून माहीत आहे.

आधी एक सूचना. मी आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती सुरू केली आणि तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. ती फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही नीट चालते. खाली आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायच्या आणि आकडेही इंग्रजीच टाकायचे. आरनॉर्म, ही नॉर्मल वितरणातून यादृच्छिक आकडे काढणारी आज्ञा, म्हणजे आर, एन, ओ, आर, एम ही पाच अक्षरं सलग. वजन, बाग, एकूण ही नावं मात्र माझी आहेत, तुम्ही हवी ती द्या.

आधी खरे आकडे

यादृच्छिक आकडे काढायच्या आधी हातात खरे आकडे हवेत. त्या बागेतले दहा घड मी तोलकाट्यावर टांगून मोजले होते:

वजन <- सी(२१.५, १८, २४, २६.५, १९.५, २२, २८, १६.५, २३, २१)
मीन(वजन)
एसडी(वजन)

सरासरी बरोबर २२ किलो येते आणि प्रमाण विचलन (एसडी) ३.५७. प्रमाण विचलन म्हणजे घड सरासरीपासून साधारण किती किलो इकडे-तिकडे असतात, त्याचं माप. त्याचं एकक किलोच असतं, हे मनात पक्कं ठेवा. त्याचा वर्ग म्हणजे व्हेरियन्स, आणि त्याचं एकक किलोचा वर्ग. केळीच्या बाजारात किलोच्या वर्गाला काही अर्थ नाही, म्हणून बोलताना एसडी बोलावी.

हेच दहा आकडे पायथॉन या दुसऱ्या संगणकभाषेच्या नमपाय या गणिती संचात टाकून एसटीडी विचारलंत तर ३.३९ येईल. दोन्ही बरोबर आहेत. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ११५ येते. वर्गमूळ काढण्याआधी आर तिला ९ ने भागते, नमपाय वेगळं सांगितल्याशिवाय १० ने भागते. थोडक्या घडांवरून सगळ्या बागेचा अंदाज करायचा असेल तर ९ ने भागलेलंच घ्या.

घडाच्या वजनाला नॉर्मल का चालतं? एका घडाचं वजन ठरवणाऱ्या गोष्टी पुष्कळ: खोडाला ठिबकचं पाणी किती मिळालं, खत कधी पडलं, घड निसवला कधी, शेजारच्या खोडाने ऊन किती अडवलं. प्रत्येकीचा वाटा लहान, काही वजन वाढवतात, काही घटवतात. अशा पुष्कळ लहान वाट्यांची बेरीज झाली की तो घंटेचा आकार येतो. अब्राहम द म्वाव्ह्रने १७३३ मध्ये नाणेफेकीच्या हिशेबातून याच आकाराला हात घातला होता. पण एखादं मोठं कारण सगळ्यांवर एकदम आलं, तर हा आधार निसटतो. ते पुढे येईलच.

चार आज्ञा, चार वेगळे प्रश्न

नॉर्म हा शब्द कायम, पुढचं अक्षर बदलतं: डी, पी, क्यू, आर. विद्यार्थी इथे सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून मी त्यांना आज्ञा पाठ करायला लावत नाही, प्रश्न मराठीत लिहून आणायला सांगते. आप्पांच्या वहीतल्या जुन्या नोंदींवरून सरासरी २२ आणि एसडी ४ धरू.

"१८ किलोंहून हलके घड किती निघतील?" वजन माहीत आहे, शक्यता हवी आहे, म्हणून पीनॉर्म:

पीनॉर्म(१८, २२, ४)

उत्तर ०.१५८७, म्हणजे शंभरात सुमारे सोळा.

"सर्वांत हलके दहा टक्के घड कोणत्या वजनाखाली असतील?" आता शक्यता माहीत आहे, वजन हवं आहे, म्हणून क्यूनॉर्म:

क्यूनॉर्म(०.१०, २२, ४)

उत्तर १६.८७ किलो. पी आणि क्यू ही एकाच रस्त्याची जाण्याची आणि येण्याची बाजू आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात टाकलं की सुरुवातीच्या जागी परत यायला हवं. शंका आली की मी हेच करून बघते.

"३० किलोंच्या वरचे किती?" यासाठी १ मधून पीनॉर्म वजा करता येतं, ०.०२२८ मिळतात. पण फार टोकाच्या शक्यता काढायच्या असतील तर वजाबाकी करू नका. १ वजा पीनॉर्म(९) केलंत (सरासरी आणि एसडी न दिल्यास आर ० आणि १ धरते) तर संगणक सरळ शून्य दाखवतो, कारण पीनॉर्म(९) त्याच्या लेखी १ च होतं. त्याऐवजी पीनॉर्मच्या कंसात लोअर.टेल = फॉल्स असं लिहा, मग खरा सूक्ष्म आकडा येतो.

डीनॉर्म ही वक्राची उंची देते. ती शक्यता नव्हे. डीनॉर्म(२२, २२, ४) म्हणजे ०.०९९७, याचा अर्थ दहा टक्के घड बरोबर २२ किलोंचे, असा होत नाही. खात्री पटवायला मी वर्गात डीनॉर्म(०, ०, ०.१) करायला लावते. उत्तर ३.९९ येतं. शक्यता एकाच्या वर कशी जाईल? उंची जाऊ शकते, क्षेत्रफळ जाऊ शकत नाही. वक्राचा आलेख काढायला डीनॉर्म लागते. एरवी मी तिच्या वाटेला जात नाही.

आता आकडे काढू

सेट.सीड(४२)
आरनॉर्म(५, मीन = २२, एसडी = ४)

२७.४८ १९.७४ २३.४५ २४.५३ २३.६२

तुमच्याकडे आर नेहमीच्या मांडणीत असेल तर नेमके हेच पाच आकडे येतील. यादृच्छिक असूनही सारखे कसे? कारण संगणक फासा टाकत नाही. आर मूळ आकडे मर्सेन ट्विस्टर नावाच्या पद्धतीने तयार करते. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. ती ठरावीक गणिताने आकड्यांची प्रचंड लांब रांग काढते आणि सीड म्हणजे त्या रांगेत कुठून मोजायला सुरुवात करायची, ती जागा. मग शून्य ते एकमधला तो आकडा क्यूनॉर्मसारख्या उलट्या वाटेने जाऊन घडाचं वजन होतो.

मीन आणि एसडी ही नावं लिहायचा कंटाळा करू नका. नावं न लिहिता आरनॉर्म(५, ४, २२) लिहिलं तरी आर तक्रार करत नाही, चार किलो सरासरीचे घड देऊन मोकळी होते.

त्याहून मोठी चूक म्हणजे एसडीच्या जागी व्हेरियन्स टाकणं. पुस्तकात नॉर्मल वितरण लिहिताना कंसात सरासरी आणि सिग्माचा, म्हणजे एसडीचा, वर्ग देतात, म्हणून विद्यार्थी १६ टाकतात. ही चूक पकडण्याचा माझा उपाय सोपा आहे: काढलेल्या आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा बघा. एसडी १६ झाली की शंभरातल्या आठ घडांचं वजन शून्याच्या खाली जातं. एसडी ४ असेल तर शून्याखाली जायची शक्यता दहा कोटींत दोनच्या आसपास, म्हणजे तुम्हाला कधी दिसणारच नाही. आकडे काढले की आधी समरी(...) करून किमान आणि कमाल वाचायची आणि असा घड आपण कधी उचलला होता का, हे स्वतःला विचारायचं. साठ किलोंचा घड पडद्यावर दिसला तर सूत्र तपासायला बसायचं, मग बाकीचं काम. जॅग्स हा संख्याशास्त्राचा दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांना आणखी जपावं लागतं: तिथे डीनॉर्मला एसडीही नको असते आणि व्हेरियन्सही नको, व्हेरियन्सचा व्यस्त लागतो. म्हणजे ४ च्या जागी ०.०६२५.

आणखी एक खाच. पहिल्या जागी किती आकडे हवेत ते लिहायचं असतं. तिथे एका आकड्याऐवजी अख्खी यादी दिलीत, तर आर त्या यादीतले आकडे बघतच नाही, यादीची लांबी मोजते. आरनॉर्म(सी(५, १०)) ने पंधरा आकडे मिळत नाहीत, दोन मिळतात. सरासरीच्या जागी मात्र यादी देणं फार उपयोगाचं आहे: तीन बागांच्या सरासऱ्या १८, २२ आणि २५ असतील तर आरनॉर्म(३, सी(१८, २२, २५), ४) प्रत्येक बागेतला एकेक घड देते.

सीडबद्दल माझा नियम कडक आहे: प्रोग्रामच्या डोक्यावर एकदा लिहायचं, पुन्हा नाही. मागच्या वर्षी साक्रीकडच्या एका विद्यार्थ्याने दहा हजार फेऱ्यांचा हिस्टोग्राम काढला आणि पडद्यावर एकच उभी पट्टी आली. तो घाबरून म्हणाला, "मॅडम, हाई काय व्हयनं?" सेट.सीड त्याने फेरीच्या आत लिहिलं होतं. प्रत्येक फेरी रांगेतल्या त्याच जागेवरून सुरू होत होती, म्हणून दहा हजार वेळा तेच उत्तर. त्याची चूक निदान डोळ्याला दिसली. दोन बागांचे आकडे काढताना दोन्हींआधी तेच सीड लावलं, तर काहीच वेडंवाकडं दिसत नाही. पण पहिल्या बागेत जो घड सरासरीहून दीड एसडी जड, तोच दुसऱ्या बागेतही तेवढाच जड निघतो. दोन बागा एकमेकींची सावली होतात आणि पुढची सगळी तुलना खोटी पडते.

जुन्या नोट्समधले सॅम्पल या आज्ञेचे आकडे तुमच्याशी जुळत नसतील तर घाबरू नका. २०१९ मधल्या ३.६.० या आवृत्तीत सॅम्पलची आतली पद्धत बदलली. आरनॉर्मला त्याचा धक्का लागलेला नाही.

सहाशे घड कसे काढायचे

आता त्या रात्रीकडे. ६०० घडांचं एकूण वजन हवं आहे. वर्गात हा प्रश्न दिला की निम्मे विद्यार्थी असं लिहितात:

६०० * आरनॉर्म(१, २२, ४)

आणि उरलेले असं:

सम(आरनॉर्म(६००, २२, ४))

दोन्हींची सरासरी १३,२०० किलोच. पण पहिलीत एकच घड निवडला आणि त्याच वजनाचे सहाशे भरले. एसडी ६०० गुणिले ४, म्हणजे २,४०० किलो. दुसरीत सहाशे वेगवेगळे घड निवडले. जड आणि हलके एकमेकांना सावरून घेतात, म्हणून एसडी ४ गुणिले ६०० चं वर्गमूळ, म्हणजे फक्त ९८ किलो. मी दुसरी ओळ लिहिली होती. १३,२०० च्या अलीकडे-पलीकडे दोन एसडी, म्हणून तेरा ते तेरा टन चारशे.

पुस्तकाप्रमाणे दुसरी ओळ बरोबर आहे. पण तिने धरलेली गोष्ट मी वाचली नव्हती. आरनॉर्मने काढलेले सहाशे आकडे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतात. जणू प्रत्येक घड वेगळ्या गावातून, वेगळ्या मालकाकडून आणला. आमच्या ट्रकमधले सहाशेच्या सहाशे घड एका बागेतले होते: एकच विहीर, एकच काळी जमीन, रोपं एकाच वेळी लावलेली. त्या वर्षी ती बाग उत्तम पोसली होती, म्हणजे सगळेच घड थोडे जड होते. जड-हलक्यांनी एकमेकांना सावरायला हलके होतेच कुठे?

खूण माझ्या समोर होती. माझ्या दहा घडांची एसडी ३.५७, वहीतली ४. दहा घडांवरून एवढा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून मी तो सोडून दिला होता. नंतर वही बागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे मांडली. बागेबागेच्या सरासऱ्यांत साधारण २ किलोंची एसडी निघाली आणि बागेच्या आत घडाघडांत ३.४६ च्या आसपास. २ चा वर्ग ४, ३.४६ चा वर्ग १२, बेरीज १६. वहीतला ४ हा आकडा दोन वेगळ्या चढउतारांची बेरीज होता आणि मी तो सगळा एकट्या घडाच्या नावावर टाकला होता. बेरीज व्हेरियन्सची होते, एसडीची नाही, हेही इथेच नीट बघून ठेवा.

म्हणून आकडे दोन टप्प्यांत काढायचे. आधी बाग, मग त्या बागेतले घड:

सेट.सीड(४२)
एकूण <- रेप्लिकेट(१००००, {
बाग <- आरनॉर्म(१, ०, २)
सम(आरनॉर्म(६००, २२ + बाग, एसक्यूआरटी(१२)))
})
एसडी(एकूण)
मीन(एकूण > १४०००)

बाग या ओळीत १ आहे आणि घडांच्या ओळीत ६००. सगळा जीव या दोन आकड्यांत आहे. रेप्लिकेट हा ट्रक दहा हजार वेळा भरून बघते. शेवटच्या ओळीत १४,००० च्या वर गेलेल्या ट्रकांना १ आणि बाकीच्यांना ० मिळतो. त्यांची सरासरी म्हणजे सीमा ओलांडण्याची शक्यता.

एसडी १,२०० किलोंच्या आसपास येते आणि ती शक्यता ०.२५ च्या. चारातला एक ट्रक! माझ्या जुन्या ओळीप्रमाणे १४ टन हे सरासरीच्या आठ एसडी पलीकडे होतं, म्हणजे जवळजवळ अशक्य. सरासरी तीच, घडाची एसडी तीच ४. फक्त कोणत्या गोष्टीचे चढउतार कितींदा काढायचे, एवढं बदललं.

हे केळीपुरतं नाही. जिनिंगमधल्या गाठी घ्या, एका शाळेतल्या मुलांचे गुण घ्या, एका मजुराने दिवसभरात भरलेल्या पेट्या घ्या. आरनॉर्म लिहायच्या आधी कागदावर लिहा: काय बदलतं, आणि ते किती जणांसाठी एकत्र बदलतं. एकत्र बदलणाऱ्यासाठी एकदाच आकडा काढायचा, वेगवेगळं बदलणाऱ्यासाठी वेगवेगळा.

फेऱ्या किती, याचंही गणित सोपं आहे. काढलेली शक्यता ०.०५ च्या आसपास असेल तर हजार फेऱ्यांत तिची चूक ०.००७ च्या घरात असते, दहा हजारांत ०.००२. चूक निम्मी करायला फेऱ्या चौपट कराव्या लागतात. दहा हजारांना काही सेकंदही लागत नाहीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. पण बागेची एसडी चुकीची असेल तर दहा लाख फेऱ्याही त्याच चुकीचं उत्तर जास्त दशांशांत देतील.

घंटेचा आकार नसेल तेव्हा

आमच्याकडे थंडीत पारा फार उतरला की केळीला चरका बसतो. पानं होरपळल्यासारखी होतात, घड पोसत नाहीत. समजा १५ टक्के खोडांना चरका बसला आणि त्यांच्या घडांची सरासरी १४ किलोंवर आली. आता सगळे घड मिसळून सरासरी २०.८ आणि एसडी ४.९ निघते. हे दोन आकडे आरनॉर्मला दिले तर ती मुकाट्याने एक देखणी घंटा काढून देईल. तिच्या हिशेबाने १२ किलोंखालचे घड ६०० मध्ये २२. खरं मिश्रण काढलं तर ३१. हेच घड व्यापारी बाजूला काढतो, म्हणजे नेमकं जिथे पैसे जातात तिथेच घंटा चुकते.

बरोबर आकडे काढायला आधी चरका कोणाला बसला ते काढा, मग वजन:

चरका <- आरबायनॉम(६००, १, ०.१५)
वजन <- आरनॉर्म(६००, इफएल्स(चरका == १, १४, २२), ४)

तुमच्या खऱ्या आकड्यांना घंटा चालते का, हे बघायला क्यूक्यूनॉर्म(वजन) आणि त्यामागून क्यूक्यूलाइन(वजन) करा. ठिपके रेषेला धरून चालले तर ठीक. चरक्याचे घड असतील तर डावीकडचे ठिपके रेषेखाली वाकलेले दिसतील. शापिरो.टेस्ट सुद्धा आहे, ३ ते ५,००० आकडे घेते, पण थोड्या आकड्यांत ती दोष पकडत नाही आणि पुष्कळ आकड्यांत क्षुल्लक वाकडेपणालाही दोष म्हणते. मी चित्रावर जास्त विसंबते. पावसाला तर घंटा लावूच नका: पुष्कळ कोरडे दिवस आणि मधूनच एक धुवाधार, हा आकारच वेगळा.

आर नसेल तर

एक्सेलमध्ये एका घरात नॉर्म.इन्व्ह(रँड(), २२, ४) लिहा आणि खाली ओढा. पण शीटमध्ये कुठेही काही बदललं की सगळे आकडे नव्याने निघतात. अहवालात आकडा लिहिण्याआधी ते कॉपी करून फक्त व्हॅल्यूज म्हणून चिकटवा, नाहीतर सकाळचा तक्ता आणि संध्याकाळचा तक्ता जुळणार नाही. पायथॉनमध्ये नमपायची डिफॉल्ट_आरएनजी(४२) घेऊन तिच्यावर .नॉर्मल(२२, ४, ६००) चालवा. तिथे एसडीला स्केल म्हणतात आणि किती आकडे ते शेवटी येतं. सीड ४२ दिलं तरी आरचे आकडे येणार नाहीत, कारण आतलं यंत्र वेगळं आहे.

पुढच्या कापणीला आप्पांनी पुन्हा विचारलं. या वेळी मी आधी फेऱ्या चालवून किती घडांपर्यंत सीमा ओलांडण्याची शक्यता पाच टक्क्यांत राहते ते काढलं. बागेची काहीच माहिती नसेल तर उत्तर ५५३ घड. आप्पांना ते फार कमी वाटलं. मग आम्ही दोघांनी बागेच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून असे वीस घड तोलून बघितले. सरासरी २३.४ निघाली. वीस घडांवरून बागेच्या सरासरीतली चूक ३.४६ भागिले २० चं वर्गमूळ, म्हणजे ०.७७ किलो. बागेच्या ओळीत २ होते तिथे ०.७७ लिहिले आणि घडांच्या ओळीत २२ च्या जागी २३.४. सहाशे घडांच्या वजनाची एसडी १,२०० वरून ४७० वर आली. पुन्हा घडांची संख्या बदलत फेऱ्या चालवल्या, उत्तर आलं ५६६.

आप्पांनी वहीत ५६६ लिहून घेतलं आणि मजुरांना ५६० भरायला सांगितलं.